पुंगळीची ठासणी : पाइपसाठी लाकूड-पितळेचा टॅम्पर

पाइप ओढणाऱ्याला तंबाखू आणि काडेपेटीखेरीज आणखी एक वस्तू लागते. पेटलेली तंबाखू फुगून वर येते, तिला हलकेच खाली बसवायला काहीतरी हवे. बाजारात त्याला टॅम्पर म्हणतात. मराठीत त्यासाठी आयता शब्द पडून आहे, ठासणी. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ज्या गजाने ठासत, तो हा शब्द. पितळी काडतूस आले आणि तो गज कामातून गेला. आता त्याच काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीची पुन्हा ठासणी करायची.

पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांनी तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या पितळेतून लायटर, कागद कापायच्या सुऱ्या, फुलदाण्या असे बरेच काही घडवले. पुंगळीचा टॅम्पर त्याच घराण्यातला. आज तो मुख्यतः अमेरिकेत केला जातो, कारण तिथल्या नेमबाजीच्या मैदानांवर झाडलेल्या पुंगळ्या सहज मिळतात. भारतात तशी स्थिती नाही. लष्करात आणि पोलिसांत झाडलेल्या पुंगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि १९५९च्या शस्त्र कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. फुटकळ भागांना कायद्यात सूट आहे खरी, पण ती पोलीस ठाण्यात समजावत बसण्याची वेळ कशाला आणायची? अमेरिकेतून येताना पुंगळ्या सामानात घालून आणू नका. भारतात करायचे असेल तर पितळी सळईचा प्रकार शेवटी दिला आहे. लाकडाचे सगळे काम दोन्हींत सारखेच.

कुठली पुंगळी घ्यावी

पुंगळीचे बूड तंबाखूवर टेकते आणि तोंडात लाकडी मूठ बसते. म्हणून आधी बुडाचे माप पाहायचे. पाइपच्या वाटीचा आतला व्यास साधारण १८ ते २२ मिमी असतो. बूड ११ ते १३ मिमी असावे. त्याहून मोठे असेल तर ते दट्ट्यासारखे सगळा पृष्ठभाग एकदम दाबते, कडेची राख वर यायला जागा राहत नाही आणि वाटीच्या आतला काजळीचा थर खरवडला जातो. फारच लहान असेल तर तंबाखूत खड्डे पडतात.

रिव्हॉल्व्हरच्या पुंगळ्या सर्वांत चांगल्या. त्यांच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, त्यामुळे दाबायला थोडी जास्त जागा मिळते. .४४ मॅग्नम या मापाच्या काडतुसाच्या पुंगळीची कड १३.१ मिमी, अंग ११.६ मिमी आणि लांबी ३२.६ मिमी. मोठ्या वाटीसाठी हीच घ्या, खालची सगळी मापे तिचीच आहेत. अरुंद वाटीसाठी .३५७ मॅग्नम किंवा .३८ स्पेशल घ्यावी. दोघींची कड ११.२ मिमी, लांबी अनुक्रमे ३२.८ आणि २९.३ मिमी. मैदानावर ९ मिमी पिस्तुलाच्या पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो, पण ती जेमतेम १९ मिमी लांब. हाताची बोटे वाटीच्या काठाला लागतात आणि पोळतात. .४५ एसीपीचे बूड १२.२ मिमी म्हणजे अगदी योग्य, पण पिस्तुलाच्या पुंगळीला बुडाजवळ चर असते. त्या चरीत डांबरासारखा काळा चिकटा साठतो आणि दर वेळी काडीने खरवडून काढावा लागतो. .३०८ रायफलची पुंगळी ५१ मिमी लांब, दिसायला सर्वांत देखणी. पण तिचा गळा आतून फक्त ७.८ मिमी, म्हणजे लाकडाची खुंटीही तेवढीच बारीक. खिशातून पडली की तिथेच मोडते. बारा बोअरच्या बंदुकीचे पितळी बूड वाटीत जातच नाही.

लोहचुंबक जवळ ठेवा. चिकटली तर ती पोलादाची, सोडून द्या. करडी, फार हलकी असेल तर अॅल्युमिनियमची. चांदीसारखी चमकणारी असेल तर पितळेवर निकेलचा मुलामा आहे. ती चालते, पण कानस लागली की पिवळे डाग उघडे पडतात.

झाडलेल्या पुंगळीचे तोंड पुष्कळदा केसाएवढे फाटलेले असते. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते. चार-पाच पुंगळ्या मुठीत घेऊन खुळखुळवा. फाटलेली असेल तर आवाज बद्द येतो, एरवी घंटीसारखा. फाटलेली बाजूला काढा. तिच्यात खुंटी बसवली की भेग हमखास वाढते.

ती खरोखर झाडलेली आहे ना

गोळी लावलेले काडतूस या कामात कुठल्याही टप्प्यावर चालत नाही. ते उघडून दारू काढायचा प्रयत्न करू नका. रिकाम्या पुंगळीतही एक धोका उरतो, बुडातला प्रायमर, म्हणजे पिन आपटली की पेटून दारू पेटवणारी छोटी टोपी. तो न पेटलेला असेल तर ठोकताना हातात फुटतो. त्याच्यावर फायरिंग पिनचा खड्डा नसेल तर त्या पुंगळीला हात लावू नका. आणि खड्डा दिसला म्हणजे प्रायमर पेटलाच असेही नाही, कधी कधी पिन आपटूनही तो तसाच राहतो. म्हणून डोळ्यांदेखत झाडलेल्या किंवा खात्रीच्या माणसाकडून मिळालेल्याच पुंगळ्या वापराव्यात. आतून टॉर्च मारून पाहा, झाडलेल्या पुंगळीच्या भिंती काजळलेल्या असतात. आतून स्वच्छ, चकचकीत असेल तर संशय घ्या. प्रायमर आत असताना पुंगळी कधीही तापवू नका.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा. प्रायमरच्या मिश्रणात शिशाचे संयुग असते आणि झाडल्यावर त्याची भुकटी आत, विशेषतः प्रायमरच्या खळग्यात, बसून राहते. म्हणून नियम असा की प्रायमर काढण्याआधी पुंगळी भिजवायची आणि ओलीच असताना तो काढायचा. एक लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा अर्धा चमचा, त्यात पंधरा मिनिटे. भांडे स्वयंपाकघरातले नको, नंतर त्याला दुसरे काही काम देऊ नका. हातात मोजे, काम झाल्यावर साबणाने हात. कोरडी पुंगळी ब्रशने घासून साफ करणे ही यातली सर्वांत वाईट सवय.

प्रायमर काढणे आणि खळगा बुजवणे

पुंगळ्यांत पुन्हा दारू-गोळी भरून काडतुसे करणाऱ्यांकडे प्रायमर काढायची डाय, म्हणजे साचा, असते. ती मिळाली तर प्रश्नच मिटला. नाहीतर आतून पाहा. बुडाच्या मध्यभागी एकच भोक दिसले तर काम सोपे. दोन बारीक भोके शेजारी-शेजारी दिसली तर ती बर्डान पद्धतीची पुंगळी, तिच्यात पिन घालायला सरळ वाट नसते. ती सोडून द्या.

मधले भोक साधारण २ मिमीचे असते. त्यात जाईल अशी १.६ मिमी जाडीची, किमान ४५ मिमी लांबीची पोलादी पिन घ्या. प्रायमर आरपार पडेल एवढ्या भोकाच्या जाड नटवर पुंगळी उभी ठेवा, पिन तोंडातून आत घाला, भोक चाचपडून सापडवा आणि लहान हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्या. प्रायमर नटमध्ये पडतो. जोराचा एक ठोका घातला तर पिन वाकते आणि भोक वाकडे होते. डोळ्यांवर चष्मा असावाच.

प्रायमर निघाल्यावर पितळ उजळायचे. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक अॅसिड, पुंगळी त्यात दहा मिनिटे. चिंचेच्या कोळाने देवाची भांडी घासतात तसेच आम्लाचे काम, फक्त हिशेबातले. अर्धा तास ठेवली तर आम्ल पितळेतले जस्त खाऊ लागते आणि रंग गुलाबी, तांब्यासारखा दिसतो. तो रंग पॉलिशने थोडाफार जातो, पण खोलवर गेला असेल तर कायमचा. नंतर चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्यातून काढा, दोनदा स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवा. उरलेले पाणी झाडांना घालू नका.

अमोनिया असलेले पॉलिश मात्र वापरू नये. पुंगळीचे पितळ ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे असते, आणि ओढून घडवताना त्यात ताण राहून गेलेला असतो. अशा पितळेला अमोनिया लागला की आपोआप भेगा पडतात. हा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो भारतातच. पावसाळ्यात ब्रिटिश फौजेची काडतुसे घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असत, आणि घोड्यांच्या मुतातून सुटणाऱ्या अमोनियाने ती ठेवल्या जागी तडकत. ऋतूबरोबर येणारी भेग म्हणून त्या रोगाला तसेच नावही पडले. कारण नीट उलगडले ते १९२१मध्ये. पॉलिशच्या डबीवर अमोनिया लिहिलेले असेल किंवा नाकाला झोंबत असेल तर ते ठेवून द्या, चिंच त्याहून बरी.

आता बुडाला खळगा राहिला आहे. तो उघडा ठेवला तर पहिल्या आठवड्यातच राख आणि चिकट्याने भरतो. काही जण जुनाच प्रायमर साफ करून परत बसवतात, पिनचा खड्डा छान दिसतो म्हणून. आमचे मत पितळी बुचाच्या बाजूचे. .४४ मॅग्नमचा खळगा सुमारे ५.३ मिमी रुंद आणि ३ मिमी खोल असतो, .३५७चा सुमारे ४.४५ मिमी रुंद. ६ मिमीची पितळी सळई ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे पाते धरणाऱ्या जबड्यात, धरा, फिरवत ठेवून कानशीने ५.३५ मिमीपर्यंत आणा. बारीक माप घ्यायचा व्हर्नियर लागेलच, डोळ्याच्या अंदाजाने हे होत नाही. टोकाला किंचित उतार द्या म्हणजे बूच सरळ शिरेल. ३.२ मिमी लांबीचा तुकडा कापा.

बूच दाबताना चूक होते ती आधाराची. पुंगळी तशीच व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, दाबली तर सगळा जोर तोंडाच्या भिंतीवर येतो, आणि ती भिंत जेमतेम ०.३ मिमी जाड. ती चेपते. पुंगळीच्या आत ८ मिमीचा सपाट टोकाचा बोल्ट घाला, तो आतून बुडाला टेकून तोंडाबाहेर थोडा राहील इतका लांब हवा. व्हाइसचा एक जबडा बुचावर, दुसरा बोल्टच्या माथ्यावर. सावकाश आवळा. बूच आत बसले की वर राहिलेला अंश कानशीने बुडाबरोबर करा. ढिले झाले तर बाहेर काढून नवे करा. इथे गोंद किंवा डाग लावायचा नाही. डागाच्या तारेत बहुधा शिसे असते आणि हीच जागा निखाऱ्याला टेकणार आहे. कथील-शिशाचा डाग कमी उष्णतेत वितळतोही.

शेवटी बुडाच्या धारदार कडेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवून अर्धा मिलीमीटर उतार काढा, म्हणजे ती वाटीच्या भिंतीला ओरखडे काढणार नाही. बुडावर कोरलेली कंपनीची अक्षरे ठेवायची की घासून काढायची, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. ठेवली तर त्यात काजळी भरून ती अधिक उठून दिसतात.

मूठ

लाकूड घट्ट, बारीक रेषेचे हवे. अमेरिकेत हार्ड मेपल, अक्रोड, चेरी. पाइप ज्या ब्रायर नावाच्या झुडपाच्या गाठीतून कोरतात तिचा तुकडा मिळाला तर उत्तमच. आपल्याकडे बाभूळ, चिंचेचा गाभा, शिसवी. बाभळीचे लाकूड शेतीच्या अवजारांना पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते, ते उगाच नाही. सागवान टाळावा. तो तेलकट असल्याने गोंद नीट धरत नाही आणि बारीक खुंटीला त्याची छिद्रे मोठी पडतात. आंबा फार मऊ. शिसवी घासताना तोंडावर मास्क लावा, तिच्या भुशाने अनेकांना अंगावर पुरळ उठते.

लाकूड किमान वर्षभर वाळलेले असावे. हवामान बदलले की लाकूड फुगते आणि आक्रसते, पितळ मात्र जागचे हलत नाही. कोकणात श्रावणात केलेली मूठ शिकागोला गेली आणि हिवाळ्यात हीटरच्या खोलीत राहिली तर खुंटी आक्रसून ढिली होते. उलट, फार कोरड्या हवेत घट्ट बसवलेली खुंटी पावसाळ्यात फुगून पुंगळीचे तोंड फाडते. लाकूड आठवडाभर घरातल्या खोलीत ठेवून मगच काम सुरू करा.

तुकडा १८ × १८ मिमी, लांबी ९० मिमी. रेषा लांबीच्या दिशेने सरळ जायला हव्यात, तिरप्या गेल्या तर खुंटी पहिल्याच दाबाला मोडते. लेथ असेल त्याला पुढचे सांगायला नको. नसेल त्याने ड्रिल मशीन व्हाइसमध्ये आडवे घट्ट धरावे. आधी तुकड्याच्या एका टोकाचे ३० मिमी चौकोनाचे अष्टकोन, मग सोळा बाजू, असे कानशीने गोल करत ११.५ मिमीपर्यंत आणा. हे टोक १३ मिमीच्या चकमध्ये धरता येते. खुंटी इतकी लांब लागत नाही, पण धरायला लागते, नंतर ती १४ मिमीवर कापायची. आता मशीन कमी वेगात फिरवून मूठ कानशीने आणि पॉलिश पेपरने घडवा. फिरत्या लाकडाला पटाशी लावायची नाही. ड्रिलचा चक आडवा जोर सोसण्यासाठी नसतो, पटाशी अडकली की तुकडा उडतो.

आकार असा: पुंगळीला भिडणारा खांदा १२ मिमी, त्याच्या वर २५ ते ३० मिमीवर पोट १५ मिमी, तिथून वर निमुळती होत शेवटी गोलाई. खांद्यापासून टोकापर्यंत ५२ मिमी धरा, म्हणजे पूर्ण ठासणी साधारण ८५ मिमीची होते. सदऱ्याच्या खिशात मावते आणि खोल वाटीतही बोटे काठापासून दूर राहतात. पोटाची एक बाजू किंचित सपाट घासली तर ती टेबलावरून घरंगळत नाही. ही छोटी गोष्ट पुष्कळजण विसरतात आणि मग फरशीवर पडून चेपलेली पुंगळी दुरुस्तीला घेऊन बसतात.

सांधा

ठासणी मोडते ती इथेच. झाडलेल्या .४४च्या तोंडाचा आतला व्यास ११ मिमीच्या आसपास भरतो, पण स्वतःच्या पुंगळीचे माप घ्या, दोन पुंगळ्या सारख्या नसतात. आधी तोंड सपाट करा. काचेवर २४० नंबरचा पेपर ठेवून पुंगळीचे तोंड आठच्या आकड्यात फिरवत घासा, आतली खरबड सुरीच्या पात्याने काढा. तोंड तिरपे राहिले तर खांदा एका बाजूला उघडा दिसतो, आणि मग कितीही गोंद भरा, नजर तिथेच जाते.

खुंटी १४ मिमी लांब, तोंडाच्या मापापेक्षा ०.१ ते ०.१५ मिमी बारीक. लांब खुंटी जास्त धरेल असे वाटते, पण पुंगळीची भिंत आत जाता जाता जाड होते. लांब खुंटी अर्ध्यात अडकते, खांदा टेकत नाही आणि जोर लावला की तोंड फाटते. बसते का पाहायला खुंटीवर मऊ शिसपेन्सिल फिरवा, पुंगळी घालून एक वेढा द्या, काढा. जिथे पेन्सिल पुसून चकाकी आली तिथे घासायचे, बाकीला हात लावायचा नाही. हाताच्या हलक्या दाबाने खांद्यापर्यंत जाते आणि उलटी धरली तर आपल्या वजनाने निसटत नाही, इतके बसणे योग्य.

मग खुंटीवर तिकोनी कानशीने लांबीच्या दिशेने १ मिमीची एक खाच काढा. बूच बसलेले असल्याने आत हवा कोंडते, आणि खाच नसेल तर ती हवा गोंदासकट खुंटी परत बाहेर ढकलते. पुंगळीच्या आतली वरची १५ मिमी भिंत १२० नंबरच्या पेपरने खरवडा आणि अॅसिटोनने पुसा. गुळगुळीत पितळेला गोंद धरत नाही.

गोंद दोन भागांचा, चोवीस तासांत कडक होणारा इपॉक्सी. पाच मिनिटांचा इपॉक्सी गरम झाल्यावर लवकर मऊ पडतो. फेविक्विकसारखा गोंद ठिसूळ असतो, एकदा पडला की सुटतो. दोन्ही भाग सारखे घेऊन मिनिटभर घोटा. पातळ थर पुंगळीच्या आत आणि खुंटीवर लावा, फिरवत आत सरकवा, बाहेर आलेला स्पिरिटच्या चिंधीने लगेच पुसा. बूड खाली करून चोवीस तास उभी ठेवा. पावसाळ्यात, थंड खोलीत छत्तीस.

बूड निखाऱ्याला क्षणभरच टेकते, पण पितळ उष्णता झपाट्याने वर नेते. म्हणून सांध्याला नुसत्या गोंदावर सोडू नये. गोंद वाळल्यावर तोंडापासून ६ मिमी खाली १.५ मिमीचे आडवे भोक पाडा, त्यातून पितळी तार घाला, दोन्ही बाजूंनी कापून कानशीने बरोबर करा. भोक पाडण्याआधी टोचा मारायचा तो अगदी हलका, भिंत पातळ आहे. नीट घासली तर तारेची जागा शोधावी लागते.

घासणे आणि तकाकी

लाकूड आणि पितळ एकाच वेळी घासले की पितळेची काळी भुकटी लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि मेपलसारखे फिके लाकूड सांध्यापाशी मळकट दिसते. हे नंतर निघत नाही. आधी मुठीवर पातळ चपडा लाखेचा एक हात द्या, पितळेवर चिकटपट्टी लावा, लाकूड १८०, २४०, ३२०, ४०० अशा क्रमाने घासा. खांदा पुंगळीच्या अंगाबरोबर येईपर्यंत घासा आणि नखाला पायरी लागली नाही की थांबा. मग चिकटपट्टी लाकडावर, आणि पितळ ६०० पासून पुढे.

मुठीला जवसाचे उकळलेले तेल, तीन अगदी पातळ हात, प्रत्येकात चोवीस तास. जास्तीचे तेल पुसून काढा, नाहीतर ते चिकट राहते. तेलाच्या चिंध्या चुरगाळून डब्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पसरून वाळवा आणि मग टाका. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची फिरत्या लाकडावर चढवलेली रंगीत लाख मुठीच्या वरच्या टोकाला शोभते, पण सांध्याच्या जवळ नको, उष्णतेने ती मऊ पडते. पितळेवर कुठलेही व्हार्निश देऊ नका. बुडावरचे पहिल्याच ओढीला जळते आणि त्याचा वास तंबाखूत उतरतो.

वापर आणि बिघाड

दाब ठासणीच्या वजनाएवढाच द्यायचा. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगते, तिला सपाट करा, पुन्हा पेटवा. त्यानंतर ओढ सैल वाटली तरच. पाइप सतत विझत असेल तर बहुधा दाब जास्त होतो आहे. बूड निखाऱ्यावर दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेवू नका, आणि ते गरम असताना खिशात घालू नका. पाइपची वाटी खरवडायला ही वापरायची नाही, त्यासाठी वेगळे पाते असते.

बुडावर काळा चिकटा साठला की स्पिरिटने पुसा. हिरवट डाग म्हणजे पितळ कळकले. ओल्या तंबाखूच्या पाकिटात ठेवल्याने होते. चिंच लावून धुवा, लगेच कोरडे करा, आणि ठासणी पाकिटात ठेवायची सवय सोडा. मूठ गरगर फिरू लागली तर सांधा सुटला आहे. आडवी तार ठोकून काढा, पुंगळी केसांच्या ड्रायरने तापवून मूठ ओढा, जुना गोंद खरवडून नवा भरा. खुंटी आक्रसली असेल तर तिच्याभोवती रंध्याचा पातळ कागदासारखा काप गुंडाळून बसवा. तोंडाला भेग गेली असेल तर दुरुस्ती करण्यात अर्थ नाही, मूठ काढून नव्या पुंगळीत घाला.

पुंगळी नसेल तर

१२ मिमी पितळी सळई घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर दुकानांत मिळते, नाशिकच्या भांडी बाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत विचारून पाहा. वजनावर विकतात. १०० मिमीचा तुकडा साधारण ९६ ग्रॅम भरतो आणि त्यातून तीन बुडे निघतात. लेथवर कापायला सोपी पडावी म्हणून अशा सळईच्या पितळेत बहुधा तीन टक्क्यांपर्यंत शिसे मिसळलेले असते, तेव्हा तिचा भुसा फुंकरीने उडवू नका, ओल्या फडक्याने गोळा करा.

२८ मिमीचा तुकडा कापा, दोन्ही टोके सपाट करा. एका टोकाच्या अगदी मध्यभागी ८ मिमीचे, १५ मिमी खोल भोक पाडा. आधी ३ मिमी, मग ५, मग ८. एकदम ८ मिमीचे पाते लावले तर ते पितळेत गचकन रुतते आणि तुकडा हातातून हिसकावून घेते, म्हणून तुकडा व्हाइसमध्ये हवा, हातात नव्हे. लाकडाची खुंटी ७.९ मिमी, लांबी १४, बाकी खाच, खरवड, इपॉक्सी, आडवी तार सगळे वरच्यासारखेच. इथे भिंत २ मिमी जाड असल्याने फाटायची भीती नाही, मात्र खुंटी बारीक आहे, तेव्हा लाकूड बाभळीचेच घ्या. भरीव बुडामुळे ही ठासणी पुंगळीच्या ठासणीपेक्षा जड होते. हात आणखी हलका ठेवावा लागतो, आणि बूड निवायलाही दुप्पट वेळ घेते.